वरची ओळ

“हे काय आहे, गोदाबाई?” गावंडे मॅडमनी कागदावर बोट ठेवलं.

गोदाबाईनं मान लांब करून पाहिलं. “थे पुंजारामजीचं हाय, मॅडम. साडेपाच.”

“पाच आणि पुढे दोन उभ्या रेघा?”

“हौ ना. एक रेघ असली का सव्वापाच, दोन असल्या का साडेपाच, अन् तीन मारल्या का पावनेसहा. आडत दुकानात दिवानजी होते थे. जुनं वळन हाय.”

“मी पाच वाजून अकरा मिनिटं वाचलं,” मॅडम म्हणाल्या. “म्हटलं, काय नेमका माणूस आहे! आणि हे? ‘मगरिब बाद’?”

“गफ्फार चाचा. दानियालचे आजे.”

“मगरिबची नमाज रोज एकाच वेळेला होते का?”

“नाई. सूर्यासंगं सरकते. पन आपल्या दारातूनच मशिदीचा आवाज येते ना मॅडम, मंग कामून घड्याळ पायजे?”

मॅडमनी डोळे मिटले, उघडले आणि पुढच्या ओळीवर आल्या. “‘लाईट गेल्यावर’?”

“तिची पिठाची चक्की हाय. लाईट हाय तवर दळते, गेली का पोरीले न्याले येते.”

“म्हणजे पोरगी घरी कधी जाणार ते लोडशेडिंग ठरवणार.”

“आपल्या अकोल्यात समदं थेच ठरवते आता,” गोदाबाई म्हणाली, आणि मॅडमना हसू आलं. पण ते त्यांनी लगेच आवरलं, कारण त्या अमरावतीहून हसायला आलेल्या नव्हत्या.

कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एक ओटा आणि एक कडुलिंब एवढंच ते पाळणाघर होतं. अमरावतीची एक संस्था ते चालवायची आणि अकोल्यात ते गोदाबाई चालवायची. सकाळी लेकरू आणून सोडणाऱ्यानं फळीवर लावलेल्या तक्त्यात लेकराचं नाव टाकायचं, आपण संध्याकाळी कधी येणार ती वेळ लिहायची आणि सही करायची. गोदाबाईचा सगळा दिवस त्या वेळेच्या रकान्यावर चालायचा. कोणाला आधी दूध, कोणाला झोपेतून केव्हा उठवायचं, कोणाचं तोंड धुऊन पावडर लावून ओट्यावर आणायचं, ते सगळं. लेकरांना घड्याळ कळत नाही, पण “तुही माय आता येतेच पाह्य” असं सांगितल्यावर माय खरंच आली पाहिजे, हे त्यांना नीट कळतं. गोदाबाई त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. त्यासाठी तिला मगरिबही वाचता यायची आणि पाचापुढच्या रेघाही.

पण मॅडमचंही खोटं नव्हतं. संस्थेच्या दुसऱ्या एका केंद्रात तिथल्या बाईनं आपल्याच अंदाजानं तक्त्यात वेळ टाकली होती. आईबाप म्हणाले, आम्ही असं सांगितलंच नव्हतं. या घोळात एक लेकरू अंधार पडेपर्यंत कुलूप लावलेल्या दारापुढे एकटं बसून राहिलं. त्या लेकराला शोधायला गेलेल्या लोकांत गावंडे मॅडम स्वतः होत्या. त्यांनी ते कधी रंगवून सांगितलं नाही, पण तेव्हापासून त्यांचं बोट कागदावर असं जोरात टेकायला लागलं होतं.

“उद्यापासून सगळ्यांची एकच पद्धत,” त्या म्हणाल्या. “रेल्वेसारखी चोवीस तासांची, इंग्रजी आकड्यांत. आणि ज्याचं त्यानं लिहायचं, तुम्ही कोणासाठी पेन हातात घ्यायचं नाही. स्वतः लिहिलेल्या वेळेपेक्षा तीनदा उशीर झाला तर नाव कमी. वाट पाहणाऱ्यांची यादी केवढी झाली आहे, बघितलीत ना?”

यादी गोदाबाईनं बघितली होती. त्या सालात बाळापूरकडून, पातूरकडून, कुठून कुठून बाया अकोल्याला येत होत्या. शेत मागं नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या भरवशावर टाकायचं आणि दिवाळी ते होळी जिनिंगच्या कारखान्यात कापसातला कचरा वेचायचा. लेकरू काखेत असायचंच. ते कुठं ठेवायचं, हा प्रश्न घेऊन त्या कडुलिंबाखाली यायच्या.

तर गोदाबाईनं सगळ्यांना चोवीस तास शिकवायला घेतले. दुपारी एक वाजल्यापासून बारा मिळवायचे, एवढंच होतं. पुंजारामजींनी धोतराचा सोगा सावरत विचारलं, “सतरा वाजता येऊ? घड्याळात त बाराच हायेत बाई, बाकीचे पाच काय तू घरून आनून देशीन?” चक्कीवाली म्हणाली, लाईट चोवीस तास असती तर मीही चोवीस तास लिहिले असते. बँकेतल्या बाईंनी आनंदानं मान डोलावली. नत्थुजी रेल्वेत पॉइंट्समन होते, नातीला आणून सोडायचे. त्यांची छाती तर दोन बोटं फुगली. “रेल्वे पयलेपासूनच बराबर होती,” ते म्हणाले. “लोकायलेच उशिरा समजलं.”

“रेल्वे बराबर होती त मंग गाडी काहून लेट येते, नत्थुजी?” पार्बताबाई आतून ओरडली. ती स्वयंपाकाला होती, आणि तिचं तोंड तिच्या चुलीसारखं, कधी विझायचं नाही.

पंधरा दिवसांत सगळे वळणावर आले. पुंजारामजी 17:30 लिहायचे, पण हाताची सवय जाईना. पुढं दोन रेघा ओढायचेच. आणि त्या दोन रेघांमुळेच गोदाबाईला रुख्मिणीचं कळलं.

रुख्मिणी बाळापूरकडच्या एका खेड्यातून आली होती. नवरा गावी, दोन बैल आणि उभी तूर सांभाळत. ही नणंदेच्या खोलीत राहून जिनिंगला जायची. पदरात अडीच वर्षांचा पियुष. सहीच्या रकान्यात ती ‘रुख्मिणी’ असं लिहायची की बघत राहावं. वेलांट्या अशा गोल, जशा काही तिनं भाकरीसारख्या थापल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात तिनं 17:30 लिहिलं आणि आली सातला. जिनिंगचा भोंगाच सातला व्हायचा. गोदाबाईला वाटलं, घाईत चुकलं असेल, बाकीच्या दिवशी तर वेळ जुळली होती. तक्त्यात उशिराची एक खूण पडली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, आणि या वेळी गोदाबाईनं ओळ नीट पाहिली. रुख्मिणीच्या आकड्यांपुढंही दोन उभ्या रेघा होत्या. वरची ओळ पुंजारामजींची होती.

पोरगी वरची ओळ पाहून उतरवत होती.

“रुख्मिणी,” दुसऱ्या दिवशी गोदाबाईनं हळूच विषय काढला, “टायम लिवतानी उलशिक ध्यान देत जाय. घड्याळाचं काही अडलं असन त...”

“मले येते घड्याळ, बाई.” रुख्मिणीची हनुवटी वर गेली. मागं रांगेत चार माणसं उभी होती. “पाचवी पास हाव मी. नाव टाकतानी मॅडमले सांगतलं ना.”

“हौ, सांगतलं ना,” गोदाबाई म्हणाली, आणि तिनं तक्ता पुढच्या माणसाकडे सरकवला.

दोन खुणा पडल्या होत्या. तिसरी पडली की पियुषचं नाव जाणार, पियुष गेला की रुख्मिणीचं जिनिंग सुटणार, आणि तिला परत गावची एस. टी. धरावी लागणार. शिकवायचं म्हटलं तर ती शिकणार नव्हती, कारण तिला येत होतं. गोदाबाईनं पेन हातात घ्यायचं नाही असा नियम होता. पण रांगेत कोण कोणाच्या पुढं उभं राहील, यावर मॅडमनी काही नियम केला नव्हता.

गफ्फार चाचा रुख्मिणीच्याच जिनिंगमध्ये फिटर होते. साठी उलटलेली, दाढीला मेंदी, आणि यंत्रांच्या आवाजानं कान थोडे मंद. हंगाम लागल्यापासून त्यांची सुट्टीही सातलाच. मगरिब सोडून ते आता 19:00 लिहायचे. मग रोज सकाळी रुख्मिणी गल्लीच्या तोंडाशी दिसली की गोदाबाईला काही ना काही सुचायचं. पुंजारामजींना, “आजोबा, जरा बसा न, च्या मांडला हाय.” बँकेच्या बाईंना, “तुमच्या पोराचं बटन तुटलं वाट्टे, पाह्यता काय?” आणि चाचांना, “चाचा, तुमी व्हा समोर.”

“रोज मैच आगे?” चाचा एकदा म्हणाले. “बात क्या है, गोदाबाई? बुढ्ढे का इतना मान काहे को?”

गोदाबाईनं डोळ्यांनी मागं उभ्या रुख्मिणीकडे दाखवलं. चाचांनी कागदाकडे पाहिलं, रुख्मिणीकडे पाहिलं, आणि “हव” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचे आकडे मोठे आणि सुटे झाले. एक इथं, नऊ तिथं, मध्ये दोन टिंबं, जशी काही एखाद्या पोराची पाटी. पेनही खिशात न घालता ते तक्त्यावर ठेवून जायला लागले. रुख्मिणी रोज 19:00 लिहायची, सातला धावत यायची, आणि पियुष पावडर लावून ओट्यावर तयार असायचा. असा महिनाभर गेला. पार्बताबाई म्हणायची, “तू एका बाईसाठी अख्खी रांग नाचवून रायली.” गोदाबाई म्हणायची, “नाचली त नाचली. कोनाचे पाय त नाई ना दुखले?”

मग ती सकाळ आली. गावंडे मॅडम दुपारच्या गाडीनं येणार असा निरोप आदल्या दिवशीच होता. दूध उतू जात होतं, चक्कीवालीच्या पोरीनं सतरंजीवर ओकारी केली होती आणि पार्बताबाईला झाडू सापडत नव्हता. गोदाबाई हात धुऊन ओट्यावर आली तेव्हा दानियालला सोडून त्याची आजी खुर्शीदबी निघाल्या होत्या.

“चाचा कुठी?” तिनं विचारलं.

“सुबह फजर से गए,” खुर्शीदबी म्हणाल्या. “पट्टा टूट गया मशीन का. मेरेकू भेजे.”

गोदाबाईनं तक्ता ओढला. खुर्शीदबींची ओळ सगळ्यात खाली होती. तिच्यावर रुख्मिणीची, आणि तिच्यावर नत्थुजींची. नत्थुजींची त्या दिवशी नेहमीची पाळी नव्हती, कसलीशी बदलीची ड्युटी होती, ती दुपारीच सुटणार होती. त्यांनी लिहिलं होतं 14:00. आणि खाली, सुंदर गोल वेलांट्यांच्या शेजारी, 14:00.

रुख्मिणी केव्हाच गेली होती.

पार्बताबाईनं झाडू टेकवून कागदात डोकं घातलं. तिला वाचता फारसं येत नव्हतं, पण आकडे यायचे. “दोन वाजता? थे सातच्या आधी येते काय?”

“नाई येत.”

“अन् मॅडम आजच येऊन रायल्या.” पार्बताबाईनं क्षणभर विचार केला. “अव, याच्यात काय हाय? चाराचं डोस्कं झाक. झाला नऊ.”

गोदाबाईनं पाहिलं. खरंच होतं. रुख्मिणीचा चार वरून उघडा होता, दोन शिंगं वर काढलेल्या बैलासारखा. पेनाचा एक वाकडा फटकारा मारला की शिंगं मिटली असती आणि नऊ झाला असता. कोणाला काय कळणार होतं? ती पेन घेऊन बसली. टोक चाराच्या डोक्यावर टेकवलं सुद्धा.

पण तिच्या डोळ्यांपुढं ते दुसऱ्या केंद्रातलं लेकरू आलं, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईनंही असंच केलं असेल. वाईट मनानं नाही, अशाच एका सकाळी, दूध उतू जात असताना. तिनं पेन खाली ठेवलं.

“मी तिच्या हातचं बदलवत नाई,” ती म्हणाली. “तिनं दोन लिवले ना? मंग दोन वाजता लेकरू मायच्या हाती देतो.”

“म्हंजे?”

“जिनिंगच्या गेटवर नेतो. थे आपल्या हातानं खोडन, आपल्या हातानं नवी ओळ लिवन, अन् मी पोट्ट्याले वापस आनतो. उशीर झालाच नाई. सांग, कोनता नियम मोडला?”

पार्बताबाईनं कपाळाला हात लावला. “तू वकील व्हाले पायजे होती व माय.”

स्वतःच्या हुशारीवर गोदाबाई जरा खूष होती. खोटं कशाला बोलायचं? त्याच खुषीत दोनच्या जरा आधी ती पियुषला काखेत आणि तक्त्याची फळी पिशवीत घेऊन निघाली. वाटेत त्याला तिनं कापसाच्या गाड्या दाखवल्या, बैल दाखवले. गेटवर चौकीदाराला म्हणाली, “दादा, रुख्मिणीले बाहेर बलाव. अर्जंट हाय.”

अर्जंट म्हणायला नको होतं. पण ते तिला नंतर कळलं.

यंत्रांची घरघर चालू होती. शेडच्या दारातून रुख्मिणी बाहेर आली. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई, नाकावर फडकं. गोदाबाईला पाहून ती पाच पावलं चालली आणि मधेच थांबली. काखेतल्या पोराकडे तिनं पाहिलंच नाही. फडकं खाली ओढून तिनं विचारलं,

“गावावून फोन आला काय?”

गोदाबाईला एकदम काही उमजलं नाही.

“सांगून टाक, बाई.” रुख्मिणीचा आवाज अगदी शांत होता. “कोनाचा फोन आला? काय झालं त्यायले?”

आणि ती होती तिथंच, मातीत, खाली बसली.

मग गोदाबाईच्या लक्षात आलं. त्या नापिकीच्या आणि कर्जाच्या सालांत वऱ्हाडात कोणी अवेळी दारात आलं की बाया कोण आलं ते विचारत नसत, कोणाचं झालं ते विचारत. गावच्या दुकानातला फोन वाजला की आळीतल्या सगळ्या चुली एकदम थबकत. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या कितीतरी जणींचा नवरा मागं शेतात एकटा होता. हे गोदाबाईला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? तिच्या स्वतःच्या आळीतून दोन बाया अशाच भरल्या दुपारी बोलावून नेल्या होत्या. आणि ती एका आकड्यासाठी, लेकरू काखेत घेऊन, दुपारी दोन वाजता गेटवर येऊन उभी राहिली होती.

“कोनी नाई व, कोनाचा फोन नाई!” पियुषला खाली सोडून ती रुख्मिणीपाशी बसली. “समदे खुशाल हायेत. आईची आन. मी... मी लिवन्यापायी आली.”

“कायपायी?”

“टायम लिवन्यापायी. तू सकायी दोन वाजताचा टायम लिवला ना.”

रुख्मिणीनं तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले, आणि ती रडते की हसते ते गोदाबाईला कळेना. बहुतेक दोन्ही. पियुष तिच्या मांडीत चढला आणि मन लावून तिच्या भुवईवरची रुई वेचायला लागला.

“लिवन्यापायी,” रुख्मिणी शेवटी म्हणाली. “लिवन्यापायी तू माहा जीव काढला, गोदाबाई.”

“चुकलं माहं.”

चौकीदारानं तोंड फिरवलं आणि उगीच गेटची कडी हलवून पाहिली. गोदाबाईनं पिशवीतून फळी काढली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं सांगितलं. दोन खुणा झाल्या आहेत, मॅडम आज येणार आहेत, नत्थुजींची ओळ वर होती.

रुख्मिणी ऐकत राहिली. “म्हंजे तुले माईत होतं?”

“हौ.”

“कवापासून?”

“पुंजारामजीच्या रेघा उतरवल्या ना तू, तवापासून.”

“अन् चाचा रोज माह्या पुढं रायत...” तिनं डोळे मोठे केले. “चाचा भल्लेच हळू लिवत. मले वाटे, म्हातारपन हाय बिचाऱ्याचं!”

दोघी हसल्या. पण रुख्मिणीचं हसू आधी थांबलं.

“मले एक डाव सांगतलं असतं त? शिकली असती ना मी.”

“सांगाले आलती मी. तूच म्हनली, पाचवी पास हाव.”

“मी काहीही म्हनीन,” रुख्मिणी म्हणाली. “मांगं लोक उभे होते. तुले त समजाले पायजे होतं.”

महिनाभर तिनं रांग नाचवली होती, पण रांग नसताना, संध्याकाळी, पोराला कडेवर देता देता पुन्हा एकदा विचारावं, हे तिला सुचलं नव्हतं. रांग हलवणं तिला सोपं गेलं होतं, आणि त्यात थोडी मजाही आली होती, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं.

“शाळेत गेलीच नाई मी,” रुख्मिणी सांगत होती. “माहं अन् पियुषचं नाव येते फक्त. थे यायनं शिकवलं, लग्न झाल्यावर. रातभर माह्या हातावर काडीनं लिवत. म्हने, अंगठा नको लावू कुठी.”

“घड्याळ?”

“घड्याळ दिसते ना मले.” तिनं मान वर केली. टाइमकीपरच्या खोलीवर मोठं गोल घड्याळ होतं. “मोठा काटा डोक्यावर जाते अन् लहान काटा खाली, या डाव्या कुशीले येते, तवा भोंगा होते. दिवसभर त त्याच्याकडंच डोये असते. थ्याले तुमी कागदावर एकोनीस कामून म्हनता, थे नाई समजत.”

गोदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पेन तिच्या हातात दिलं.

“मंग जसं दिसते तसं काढ.”

रुख्मिणीनं आधी 14:00 वर आडवी रेघ ओढली. मग रकान्यात एक गोल काढला, वेलांटीसारखाच रेखीव. एक काटा वर, एक खाली डावीकडं. पुन्हा वर घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा खाली, आणि शेजारी आपलं नाव लिहिलं. पियुष जायला तयार नव्हता. तो हंबरडा फोडत गोदाबाईच्या काखेतून मागं वाकत होता, आणि रुख्मिणी मागं न पाहता शेडमध्ये शिरली, कारण मागं पाहिलं असतं तर तो आणखी रडला असता.

संध्याकाळी गावंडे मॅडम तक्ता घेऊन बसल्या. लाईट गेलेली होती, पार्बताबाईनं कंदील लावून टेबलावर ठेवला. मॅडमचं बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि थांबलं.

“हे काय आहे, गोदाबाई?”

“टायम हाय, मॅडम.”

“कोणी काढला?”

“पियुषच्या मायनं. मी पेनाले हात नाई लावला.” आणि मग तिनं दुपारचं सगळं सांगितलं, गेटवरचंही. अर्जंट म्हणाली तेही. मॅडम कंदिलाची वात उगीच खालीवर करत राहिल्या.

भोंगा झाला. थोड्याच वेळात रुख्मिणी दारात आली, धापा टाकत, केसांत रुई. मॅडमना पाहून तिनं पदर सारखा केला.

“हे तुम्ही काढलं?”

“हौ, मीच.”

“आकडे का नाही लिहिले?”

बँकेच्या बाई, खुर्शीदबी, चक्कीवाली, सगळ्या अजून तिथंच होत्या, लेकरांच्या चपला शोधत. रुख्मिणीनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

“येत नाई मले, मॅडम. पाचवी पास नाई मी. खोटं सांगतलं होतं.” मग तिची हनुवटी पुन्हा तशीच वर गेली. “पन टायम बराबर हाय. पाह्यून घ्या तुमी.”

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे कंदील धरला. जिनिंगपासून इथवर यायला लागतो तेवढा वेळ सोडला, तर काटे तसेच होते.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी तिसरी खूण केली नाही. आधीच्या दोन मात्र खोडल्याही नाहीत. “पण मी हा गोल अमरावतीला पाठवू कसा? तिथं कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी मलाच विचारेल, मॅडम, पुरी टाइप कशी करू?”

पार्बताबाई फिस्सकन हसली.

“होळीपर्यंत चालेल,” मॅडम उठत म्हणाल्या. “तोवर आकडे शिका. आणि गोदाबाई, गेटवर पुन्हा जायचं नाही. काही झालं तरी.”

“नाई जात,” गोदाबाई म्हणाली. ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

नंतर रोज सातनंतर, पियुष पेंगत असताना, ओट्यावर खडूनं आकडे व्हायला लागले. रुख्मिणी शिकायला चपळ होती आणि शिकताना चिडकी होती. सहा आणि नऊ ही एकाच बापाची पोरं आहेत आणि मुद्दाम लोकांना फसवतात, असं तिचं मत पडलं. चाचा जाता जाता थांबायचे, “पैर ऊपर, बेटी, पैर ऊपर” असं काहीतरी सांगून आणखी गोंधळ घालायचे. तक्त्यात मात्र अजून गोलच येत होता.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी गोदाबाई दार उघडून तक्ता बाहेर ठेवते न ठेवते तोच रुख्मिणी हजर. रांगेत सगळ्यात पुढं. गल्लीच्या तोंडाशी चाचा दानियालचं बोट धरून येत होते. गोदाबाईनं सवयीनं म्हटलं, “थांबतं काय, चाचा आलेच...”

“काहून?” रुख्मिणी म्हणाली, आणि पेन घेतलं.

पान कोरं होतं. तिच्या ओळीवर छापील रकान्यांशिवाय काही नव्हतं. तिनं पियुषचं नाव टाकलं, जीभ ओठांत धरून. मग एक काढला. मग नऊ. मग दोन टिंबं आणि दोन शून्यं, वेलांटीइतकी सुबक. मागं चाचा आले, बँकेच्या बाई आल्या, नत्थुजी, पुंजारामजी, पायरीखाली कोणाची तरी रिक्षा फटफटत उभी राहिली.

नवाचं तोंड भलतीकडं झालं होतं.

गोदाबाईनं ते पाहिलं. मागं लोक उभे होते. क्षणभर तिच्या मनात आलं, जाऊ दे, समजतं आहे की. मग ती पुढं वाकली.

“नव उलटा झाला व, रुख्मिणी. त्याचं तोंड इकडं पायजे, एकाकडं.”

रुख्मिणीनं कागद थोडा दूर धरून पाहिलं. कान लाल झाले. तिनं मागं वळून रांगेकडे एक नजर टाकली, मग आकड्यावर शांतपणे आडवी रेघ मारली आणि पुन्हा पेन टेकवलं.

“थांबा मंग उलशिक,” ती कोणाला उद्देशून न बोलता म्हणाली.

बँकेच्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. पायरीपासून कडुलिंबापर्यंत सगळी रांग, कडेवरच्या लेकरांसकट, नवानं तोंड फिरवेपर्यंत थांबून राहिली.